अजून एक लाइन बाकी

आमच्या सोसायटीच्या सभेत टेबल नसतं. पूर्वी होतं, चांगलं जाडजूड, वर हिरवं कापड घातलेलं. चौबळकाकांनी ते मीटरच्या खोलीत ढकललं, दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली बनियनला आतून सेफ्टीपिनने अडकवून टाकली. तेव्हापासून मीटर बघायला माणूस आला की काका जिन्यात उभे राहून शर्टाची बटणं सोडायला लागतात. माणूस नवा असेल तर जरा मागेच सरतो. टेबलावर काकांचा राग एवढ्यासाठी, की त्याच्या पलीकडचे बोलतात आणि अलीकडचे ऐकतात. ते काढलं की सगळे एकाच बाजूला येतात, असं त्यांचं म्हणणं.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. हौसेने झालेली नाही. ज्या सभेत सेक्रेटरी निवडला गेला त्या सभेला मी हजर नव्हते, एवढंच निमित्त. नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताची काळजी करायची आणि घरी येऊन इमारतीच्या तब्येतीची, असं माझं चाललेलं असतं. इमारत वर्तकनगरातली, चार मजली, बिनलिफ्टची, आणि माझ्या लग्नाच्या आधीपासून उभी. तिला तडे गेलेत आणि मला अॅसिडिटी झाली आहे.

तळमजल्यावर जिन्याला लागून प्रभाकर चौबळ राहतात. लग्न केलं नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉल जोडून द्यायचे. फोन खिशात आले, ट्रंक कॉल गेले, काका निवृत्त झाले, पण लाइन काही त्यांच्या तोंडातून गेली नाही. जिन्यात कुणी नुसतं हसून पुढे गेलं तर म्हणतात, "रिंग झाली, पण लाइन लागली नाही." दोघं नवरा-बायको भांडत असली तर म्हणतात, क्रॉस कनेक्शन आहे. आणि सभेत एखादा माणूस कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला दिसला, की बोट त्याच्याकडे करून म्हणतात, "इकडची लाइन अजून बाकी आहे."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं तरी माझ्या छातीत जळजळ सुरू होते.

पूर्वी आमची सभा रविवारी सकाळी व्हायची. चहा, सामोसे आणि मोडक. दुसऱ्या मजल्यावरच्या मोडकांचे शिकवणीचे वर्ग आहेत, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. ते "मुद्द्याचं बोला" म्हणून सुरुवात करायचे आणि मग एकटेच बोलायचे. शेवटी विचारायचे, "सगळ्यांना मान्य?" कुणी काही म्हणायचं नाही. मान्य, असं लिहून आम्ही घरी. एका रविवारी चौबळकाका उभे राहिले. म्हणाले, "गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. लाइन तुटलेली असली तरी शांतताच ऐकू येते." मोडकांना याचं उत्तर सुचलं नाही, आणि मोडकांना उत्तर न सुचल्याचा तो पहिलाच प्रसंग म्हणून सभेने काकांकडे सभा चालवायचं काम देऊन टाकलं.

मग काकांनी आमच्या सभेची सगळी वायरिंगच बदलली. आधी दारोदार फिरून रविवारी सकाळी कोण येत नाही ते पाहिलं. निघाल्या सगळ्या बायका. रविवारी मटण असतं, नाहीतर कोंबडी, ती गॅसवर टाकून सभेला कोण येणार? सभा शनिवारी चहानंतरच्या वेळेला गेली. मग काकांच्या लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या भोईरकाकी गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. सभा तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली. जागा पुरेना तेव्हा काही लोक पायऱ्यांवर बसायला लागले. पण वरच्या पायरीवरचा माणूस आपोआप साहेब होतो, हे काकांना दिसलं, म्हणून जे जास्त बोलतात ते खालच्या पायरीवर आणि जे कमी बोलतात ते वर, असा नियम झाला. भाडेकरूंना मत नसतं, मग त्यांना कशाला बोलवायचं, असं मी म्हणाले. काका म्हणाले, "छप्पर पडेल तेव्हा मालक कोण ते विचारून पडणार आहे का?" भाडेकरूही आले.

मोडकांचं काय करायचं हा प्रश्न होता. काकांनी त्यांच्या हातात चहाचा ट्रे दिला. सगळ्यांना चहा पोचेपर्यंत ट्रे खाली ठेवायचा नाही. हातात भरलेले कप असले की माणसाला हातवारे करता येत नाहीत, आणि हातवाऱ्यांशिवाय मोडकांना बोलता येत नाही, हे आम्हाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. मोडक आधी रागावले. नंतर त्यांना ते आवडायला लागलं. कुणाला बिनसाखरेचा लागतो ते पाठ झालं त्यांचं.

बोलायची पद्धत अशी, की प्रत्येकाने एकदा बोलायचं, आणि सगळे एकदा बोलून होईपर्यंत दुसऱ्यांदा कुणी तोंड उघडायचं नाही. काका खुर्च्यांच्या वर्तुळाबाहेर उभे राहतात आणि एकेकाच्या मागे जाऊन म्हणतात, "बोला, लाइनवर आहात." पाण्याच्या टाकीसाठी हे फार चांगलं चाललं. गणपतीच्या मंडपासाठीही चाललं. या उत्साहात आम्ही एक ठराव करून बसलो, की घर सोडायची कधी वेळ आलीच तर प्रत्येक घराचा हो तोंडाने ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. कायद्याला बहुमत पुरतं. आम्हाला पुरेना. तेव्हा तो ठराव मला भारी वाटला होता. तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातलं छत जागेवर होतं.

ते पडलं एका संध्याकाळी. मी कणीक मळून झाकायला ताटली शोधत होते, तेवढ्यात परातीत प्लास्टरचा तुकडा येऊन बसला. मी तिथेच खाली बसले. माझे मिस्टर शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी कणीक टाकून दिली, दुसरी भिजवली आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटरचं हेल्मेट घालून टीव्ही बघायला लागले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग माझ्या लक्षात आलं की ते घाबरलेत, आणि त्यानंतर माझी झोप गेली.

पुढच्या आठवड्यात महापालिकेची नोटीस फाटकावर चिकटली. इमारत अतिधोकादायक, पावसाळ्याच्या आत रिकामी करा. ती पाडून नवी बांधायला एक बिल्डर तयार होता. भाडं देणार होता, नवं घर देणार होता, फक्त इमारत एकदम रिकामी हवी होती आणि लवकर हवी होती. नाहीतर तो शेजारच्या कॉलनीकडे जाणार होता. मी रोज लॅबमधून येताना कोपऱ्यावर थांबून आधी इमारत उभी आहे का ते बघायची आणि मग गल्लीत शिरायची.

विशेष सभा बोलावली. काकांनी नेहमीसारखी फेरी सुरू केली. माणसं घाबरली होती, पण बोलली. कुणाला मुलांच्या शाळेची काळजी, कुणाला आईच्या डायलिसिसची. सगळ्यांचं ऐकून घेतलं, वाट काढली, एकेक हो येत गेला. तरी सभा संपताना काका म्हणाले, "अजून एक लाइन बाकी आहे." आम्ही सगळ्यांनी भोईरकाकींकडे पाहिलं.

भोईरकाकी म्हणजे मूळच्या इथल्या. आजूबाजूच्या कॉलन्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत त्यातल्या काही जमिनीत त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. घर त्यांच्या नावावर, पण सभेत त्यांचा मुलगा नितीन बोलायचा. "आईचा हो आहे, लिहून घ्या," असं तो त्या दिवशीही म्हणाला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नितीन, तुझी लाइन लागली. मी फोन आईला लावलाय, तू मध्ये उचलू नकोस." काकी पदराशी चाळा करत राहिल्या. सभा पुढच्या शनिवारवर गेली.

पुढच्या शनिवारीही काकी बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी हात जोडले. काकांना म्हटलं, त्या नाही म्हणत नाहीयेत ना, मग झालं तर. काका म्हणाले, घाई करून जोडलेली लाइन मध्येच तुटते. मला त्या क्षणी त्यांना टेबलासकट मीटरच्या खोलीत कोंडावंसं वाटलं. वरून आभाळ भरून यायला लागलं होतं, चौथ्या मजल्यावरचा सज्जा एका बाजूने कलला होता आणि हा माणूस फोन लावत बसला होता.

मग कुजबुज सुरू झाली. सभा रखडवून यांना काय मिळतं? चौबळ दुसऱ्या बिल्डरचा माणूस आहे, असं कुणीतरी दुधाच्या रांगेत म्हणालं. मला खरं वाटलं नाही. पण खोटं आहे, असंही मी कुणाला ठणकावून सांगितलं नाही, कारण तोपर्यंत मला काहीही खरं वाटू शकत होतं. काका मात्र रोज कुठल्या ना कुठल्या दारात दिसायचे. "सहज आलो, तुमचं म्हणणं परत एकदा ऐकून घ्यावं म्हटलं." लोक दारातूनच उत्तर द्यायचे. पूर्वी आत बोलवायचे.

शेवटची सभा मी ठरवून बोलावली. आज निर्णय, नाहीतर मी राजीनामा देऊन दोन्ही मुलांना घेऊन डोंबिवलीला भावाकडे जाते, असं मोडकांना सांगून ठेवलं. सभा तिसऱ्या मजल्यावरच, नेहमीसारखी. मोडक ट्रे घेऊन फिरत होते, पण कप वाजत होते. काका भोईरकाकींच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोला काकी, लाइनवर आहात." मग नुसते उभे राहिले. आम्हीही सगळे बसून राहिलो. खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"मना घर सोराचा भ्या नाय," काकी म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत होता. "आमची शेता गेली तवा पन सगली मानसा अशीच बोलली. जमीन खाली करा, मंग बगू. मंग बगाला कोन आला नाय. आता आपुन सगली जानार चार वाटांनी. हिकरं काम चाललं का नाय ता बगाला कोन येनार? ता पयले सांगा. मंग माजा हो."

नितीन आईकडे बघतच राहिला. मी इतके दिवस बिल्डरच्या कराराची पानं चाळत होते, त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. सगळ्यांनी पांगल्यावर सोसायटी म्हणून काही उरणार कसं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्याच बैठकीत ठरलं. दर महिन्याला पाळीपाळीने दोन घरांनी जागेवर जाऊन काम बघायचं. एक घर बोलणाऱ्याचं, एक न बोलणाऱ्याचं, म्हणजे एक जण विचारील आणि दुसरा नीट बघील. काय पाहिलं ते सगळ्यांना सांगायचं. कमिटीही दर वर्षी मजल्याप्रमाणे फिरायची, त्याच त्या माणसांकडे राहायची नाही. काकी म्हणाल्या, "मंग हाय माजा हो."

मला रडू आलं. मिस्टरांनी माझी पाठ थोपटली. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले.

"अजून एक लाइन बाकी आहे," काका म्हणाले.

आता कोण राहिलं, म्हणून मोडक जवळजवळ ओरडलेच. प्रत्येक घर बोलून झालंय, भाडेकरू बोलून झालेत, आता काय कबुतरांना विचारायचं? काका खिडकीकडे बघत राहिले. मला त्या दुधाच्या रांगेतली कुजबुज आठवली.

भोईरकाकी खुर्चीत वळल्या आणि त्यांनी मागे उभ्या असलेल्या काकांकडे मान वर करून पाहिलं. "तुमचीच ना, काका?"

आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहणारा माणूस स्वतः कधी वर्तुळात बसलेलाच नव्हता. मग त्याच्या मागे जाऊन बोला म्हणणार कोण? इतक्या सभा झाल्या, टाकीच्या, मंडपाच्या, रंगाच्या. चौबळकाकांना काय वाटतं ते आम्हाला एकदाही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. काकी म्हणाल्या, "बोला, लाइनवर हाव तुमी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक्स्चेंजमध्ये असताना दिवसभर लोकांच्या लाइनी जोडायचो," ते म्हणाले. "घरी येऊन आपण कुणाला फोन करावा असं कुणी नव्हतं. त्याचं कधी काही वाटलं नाही. इथे सभा असायची. सभेच्या निमित्ताने प्रत्येकाच्या दारात जाता यायचं. इमारत राहिली नाही हे मलाही दिसतंय, सेक्रेटरीबाई. माझ्या पलंगावर रोज माती पडते. पण तुम्ही सगळे पांगल्यावर मी कुणाचं दार वाजवू? मला भीती वाटते. म्हणून माझा हो निघत नव्हता. तुम्हाला उगाच थांबवून धरलं मी."

मला या माणसाची मनापासून चीड येत होती, अगदी मिनिटभरापूर्वीपर्यंत. आता मला नुसतं वाईट वाटत होतं, आणि त्यातही आधी आठवला तो त्यांचा पलंग. आमच्या डोक्यावर हेल्मेट तरी होतं.

मोडकांनी चहा सगळ्यांना पोचला नव्हता तरी ट्रे खाली ठेवला. आपली खुर्ची उचलून वर्तुळाला जागा करून दिली आणि काकांना दंडाला धरून बसवलं. काकी म्हणाल्या, सभा बंद करायला सांगितलं कुणी? घरं पांगली तरी महिन्याची सभा राहीलच, आज याच्या घरी, उद्या त्याच्या. मोडक म्हणाले, पहिली काकांच्या घरी, जिथे असेल तिथे. काका म्हणाले, "हो."

पावसाच्या तोंडावर आम्ही बाहेर पडलो. टेबल काढायला मीटरची खोली उघडली तर त्याला वाळवी लागली होती. हिरवं कापड तेवढं शाबूत होतं. मी डोंबिवलीला गेले, मोडक वर्गांच्या सोयीने नौपाड्यात, भोईरकाकी कल्याणजवळ भावाच्या गावी. काकांनी दिवा स्टेशनजवळ खोली घेतली. तिथे भाडं स्वस्त आहे म्हणाले.

पहिली सभा तिथे होती. जिन्यात पाण्याची पिंपं ठेवलेली, त्यांच्यामधून आडवं होत वर जावं लागलं. नितीनने आईला खुर्चीत बसवून, शेजारच्या मुलांच्या मदतीने वर आणलं होतं. खोलीत वेगवेगळ्या रंगांच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. मजल्यावरच्या प्रत्येक घरातून एकेक मागून आणली होती, आणि खुर्च्या ज्यांच्या होत्या ती माणसंही दारात उभी होती. काकांनी त्यांनाही आत घेतलं. त्या इमारतीत टँकरवरून भांडणं चालू होती आणि तिथल्या कमिटीचं टेबल हल्ली सापडत नाहीये, असं एक बाई म्हणाली. काकांनी छातीवर हात ठेवून सेफ्टीपिन जागेवर आहे का ते चाचपलं.

मी आदल्या दिवशी जागेवर जाऊन आले होते. माझी पाळी होती. पाया अजून भरलेला नव्हता. एक मोठा खड्डा, त्यात हिरवट पाणी, आणि काठावर सिमेंटची बंद पोती. मला ते कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालं होतं. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मोडकांनी हाताने मला थांबवलं. ते सवयीने ट्रे घेऊनच उभे होते.

"आज सुरुवात काकांपासून," ते म्हणाले.

काका वर्तुळात, आपल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून. मग बोलायला लागले. इथे पाणी कधी येतं आणि किती वेळ राहतं. खुर्ची देताना समोरच्या बाईंनी, घरात कार्य आहे का असं विचारलं ते. खानावळीची भाजी कशी तिखट असते आणि ते तिच्यात दूध कालवून कसं खातात. पहिल्या दिवशी ते चुकून शेजारच्या जिन्याने वर गेले आणि दुसऱ्याच कुणाच्या दाराला किल्ली लावत बसले ते. भोईरकाकी हसल्या, तेव्हा त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून परत सांगितली. त्यांच्या बोलण्याला मुद्दा असा काही नव्हता. माझ्या मनात खड्ड्यातलं पाणी वाढत होतं आणि ट्रेमधला चहा निवत होता, तरी मोडक मुद्द्याचं बोला असं एकदाही म्हणाले नाहीत.